आपली गाडी सीमेपार न्यायची तर: कोणते कागद, कुठून आणि कोणत्या क्रमाने

सीमेवरच्या कस्टमवाल्याला तुम्ही देवदर्शनाला चाललात की लंडनला, याच्याशी काही देणंघेणं नसतं. त्याच्या लेखी तुमची गाडी म्हणजे चाकं लावलेला माल. हा माल कर न भरता आत आला आणि इथेच विकला गेला तर? या एका संशयापोटी पुढचे बहुतेक कागद जन्माला आले आहेत. तो संशय समजून घेतला की नेपाळचा भन्सार (जकात) असो वा लाखोंची बँक गॅरंटी, दोन्हींचा अर्थ लागतो: गाडी आणलीय, ती परत नेणार, आणि नाही नेली तर पैसे कोण भरणार ते इथे लिहिलंय.

हे सगळं खासगी, पांढऱ्या पाटीच्या गाडीसाठी आहे. पिवळ्या पाटीचे नियम निराळे, त्यात इथे शिरत नाही.

आधी नकाशा, मग कागद

नवखा माणूस पहिल्यांदा विचारतो, "कागद कोणते लागतात?" खरा पहिला प्रश्न रस्ता उघडा आहे का, हा. आपल्या देशाला जमिनीच्या सीमा भरपूर, पण गाडी घेऊन ओलांडता येतील अशा फार थोड्या. पश्चिमेला अटारीचा नाका एप्रिल २०२५ पासून बंद. पूर्वेला मणिपूरच्या मोरेहून म्यानमारच्या तामूत उतरता यायचं; २०१८ साली त्यासाठी दोन्ही देशांत करारही झाला होता. मग २०२० ची महासाथ आली आणि पाठोपाठ फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे लष्करानं सत्ता घेतली. तेव्हापासून 'बँकॉकपर्यंत गाडीने' हे स्वप्न बासनात गेलंय. उत्तरेला नेपाळमधून तिबेटमध्ये शिरता येतं, पण रसुवागढीचा सीमेवरचा पूल जुलै २०२५ च्या पुरात वाहून गेला. त्याआधी २०१५ च्या भूकंपानं तिबेटकडे जाणाऱ्या दुसऱ्या, कोदारीच्या रस्त्याची वाट लावली होतीच.

म्हणजे नवख्यासाठी उरतात तीन वाटा: नेपाळ, भूतान, आणि न्हावा शेवाहून जहाजात गाडी चढवून आखातात किंवा इराणात उतरवणं. पहिली वाट वीकेंडला जोडून चार सुट्ट्या घेतल्या तरी जमते. तिसरीला सहा महिने आधीपासून लागावं लागतं. माझं मत विचाराल तर पहिली खेप नेपाळचीच करा. तिथे कागद कमी आणि चूक झाली तरी घर जवळ. मोठ्या प्रवासाची रंगीत तालीम होऊन जाते.

पायरी १: घरातले कागद चाळणीतून काढा

आरसी, लायसन्स, विमा, पीयूसी आणि पासपोर्ट असे पाचही समोर ठेवा आणि एकेक अक्षर ताडून बघा. कंटाळवाणं काम आहे, पण सीमेवरची निम्मी रडारड इथे टळते. माझ्या आरसीत इंजिन क्रमांकात जिथे इंग्रजी 'ओ' हवा तिथे शून्य पडला होता. आठ वर्षं ते कोणालाच दिसलं नाही, मलाही नाही. कार्नेटचा, म्हणजे गाडी परत नेण्याच्या हमीच्या कागदाचा (पायरी ४), अर्ज भरताना विमा पॉलिसीत 'ओ' आणि आरसीत शून्य, अशी गाठ पडली आणि दुरुस्तीत पाच आठवडे गेले. आरसीवरचा क्रमांक पॉलिसीशी ताडून थांबू नका. बॉनेट उघडा, चॅसिसवर कोरलेला क्रमांक टॉर्च मारून वाचा आणि त्याचा स्वच्छ फोटो काढून ठेवा. हा फोटो पुढे जहाजाच्या वेळी सोन्याच्या भावाचा ठरतो.

गाडी कोणाच्या नावावर आहे, तेही बघा. आपल्याकडे गाडी बाबांच्या किंवा बायकोच्या नावावर आणि चालवणार चिरंजीव, हे सर्रास चालतं. सीमेवर ते चालत नाही. मालक सोबत नसेल तर त्याचं इंग्रजीतलं, नोटरी केलेलं संमतीपत्र हवं. त्यात तुमचा पासपोर्ट क्रमांक, गाडीचा क्रमांक, चॅसिस क्रमांक आणि देशांची नावं असावीत. गाडीवर कर्ज असेल तर आरसीवर बँकेचा बोजा दिसतो, मग बँकेचं ना-हरकत पत्रही लागतं. बँकेत हे पत्र मागितलं की समोरचा आधी चक्रावतो, कारण त्याला ना-हरकत म्हणजे कर्ज फिटल्याचं पत्र एवढंच माहीत असतं. लेखी अर्ज द्या, 'तात्पुरत्या परदेश प्रवासासाठी' हे शब्द स्पष्ट लिहा.

आणखी एक. मराठी आकड्यांच्या पाटीचं प्रेम मी समजू शकतो, पण ती नियमात नाही आणि सीमेपलीकडे ती कोणाला वाचताही येणार नाही. एचएसआरपी, म्हणजे सरकारमान्य उच्च सुरक्षा पाटी बसवून घ्या. मागच्या बाजूला 'आयएनडी' ही तीन इंग्रजी अक्षरं असलेलं लंबवर्तुळाकार स्टिकर लावा. परदेशातल्या रस्त्यावर भारतीय गाडीची ती अधिकृत खूण आहे. नेपाळ-भूतानात ते कोणी विचारत नाही, पुढे विचारतात.

डिजिलॉकरवर विसंबू नका. आपला ट्रॅफिक हवालदार मोबाइलवरची आरसी मान्य करतो, परक्या नाक्यावरचा अधिकारी का करेल? मूळ कागद आणि प्रत्येकाच्या निदान दहा झेरॉक्स सोबत हव्यात.

पायरी २: आंतरराष्ट्रीय वाहन परवाना

नेपाळ-भूतानात आपलं भारतीय लायसन्स चालतं, तेवढंच करायचं असेल तर ही पायरी सोडा.

बाकी ठिकाणी हा परवाना, म्हणजे 'आयडीपी', लागतो. हे स्वतंत्र लायसन्स नाही, आपल्या लायसन्सचं परदेशी अधिकाऱ्याला वाचता येईल असं रूप आहे, म्हणून मूळ लायसन्स सोबत असावंच लागतं. अर्ज परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर, फॉर्म ४-अ मध्ये, आणि पुढचं काम आपल्या पत्त्याच्या आरटीओत. फी ₹१,०००, वर किरकोळ सेवाशुल्क. मुदत एक वर्ष, किंवा लायसन्स त्याआधी संपत असेल तर तोपर्यंतच. व्हिसा आणि वैद्यकीय प्रमाणपत्राची अट जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेनं काढून टाकली आहे. तरी खिडकीवर कोणी मागितलंच तर वाद घालण्यापेक्षा त्या अधिसूचनेची प्रिंट काढून दाखवा.

बरेच जण फसतात ते पुढच्या मुद्द्यावर. आपला परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार निघतो. १९६८ चा व्हिएन्ना करार भारतानं स्वीकारलेला नाही. त्यामुळे फक्त नवा करार मानणाऱ्या देशात, उदाहरणार्थ व्हिएतनाममध्ये, आपला परवाना कामाचा नाही. चीन तर दोन्ही परवाने मानत नाही. तिथे तात्पुरतं चिनी लायसन्स, तात्पुरती चिनी नंबरप्लेट आणि सोबत सरकारमान्य गाइड, हे सगळं एजन्सीमार्फत काही महिने आधी ठरवावं लागतं. खर्च गाइडच्या राहण्याजेवणासकट तुमचा, म्हणून लोक चार-पाच गाड्यांचा गट करून जातात.

पायरी ३: नेपाळ, म्हणजे भन्सार

महाराष्ट्रातून निघालेले बहुतेक जण गोरखपूरवरून सोनौलीला पोचतात. पलीकडचं नेपाळी गाव बेलहिया, पुढे भैरहवा. रक्सौल–वीरगंज, रुपैडिहा–नेपाळगंज, बनबसा–महेंद्रनगर आणि सिलिगुडीकडून पानिटंकी–काकरभिट्टा हेही नाके आहेत. पोखरा, लुंबिनी करायचं तर सोनौली सोयीचं.

इथली अडचण अशी की सीमा उघडी आहे. कोणी अडवत नाही, कमान येते, सायकली-रिक्षांच्या गर्दीबरोबर तुम्हीही पुढे सरकता आणि बघता बघता नेपाळच्या बाजारात येता. "कोणी काही विचारलंच नाही" म्हणून खूश होऊन पुढे निघालात तर पुढच्या पोलीस चौकीवर गाडी अडकते, कारण भन्सार न भरलेली परदेशी गाडी म्हणजे चोरून आणलेला माल. त्यामुळे कमान ओलांडली की गाडी बाजूला लावा आणि भन्सार कार्यालय विचारत जा. नेपाळीत भन्सार म्हणजे जकात.

तिथे आरसी, लायसन्स आणि ओळखपत्र दाखवायचं, किती दिवस राहणार ते सांगायचं आणि तितक्या दिवसांचे पैसे भरायचे. दर दिवसाचा असतो, दुचाकीला कमी, चारचाकीला जास्त. पावती मिळते, तीच तुमची परवानगी. काही नाक्यांवर शेजारच्या खिडकीवर वाहतूक खात्याचा वेगळा परवानाही घ्यावा लागतो, तो विचारून घ्या. दारात घुटमळणारी पोरं 'सगळं करून देतो' म्हणतील. त्यांची गरज नाही, फॉर्म सोपा आहे.

दिवस मोजताना नवखे हमखास चुकतात. भन्सारवाले आत शिरलात तो दिवस धरतात, बाहेर पडता तोही धरतात. पावसाळ्यात मुगलिंगच्या रस्त्यावर दरड कोसळली की अख्खा दिवस जातो. म्हणून ठरवल्यापेक्षा एक दिवस जास्तीचा भरा. मुदत उलटून गेल्यावरचा दंड त्या एका दिवसाच्या पैशापुढे फार मोठा असतो. वर्षभरात एकूण ३० दिवसांच्या वर भारतीय गाडी अशा पावतीवर नेपाळात ठेवता येत नाही, आणि नेपाळचं आर्थिक वर्ष जुलैच्या मध्यावर सुरू होतं, आपल्यासारखं एप्रिलला नाही.

पैशांचा हिशेब सोपा: १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी, हा दर ठरलेलाच आहे. शंभराच्या नोटांचं एक बंडल जवळ ठेवा. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्या. आधार दाखवून हुज्जत घालणारे मी दर खेपेला बघतो.

परतताना पावती दाखवून नोंद बंद करून घ्यायला विसरू नका. एकदा रात्री उशीर झाला, पोरं पेंगत होती, मी सरळ कमानीतून भारतात आलो. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा माझी गाडी त्यांच्या वहीत अजून नेपाळातच होती! टोलच्या पावत्या, भारतातल्या पेट्रोलची बिलं असं काय काय दाखवून सुटका झाली, पण अर्धा दिवस गेला. येतानाचा शिक्का सगळे आठवणीनं घेतात, जातानाचा घेत नाहीत.

भूतान, थोडक्यात

जयगाव–फुन्टशोलिंग हा मुख्य दरवाजा. इथे माणसांचा परवाना वेगळा आणि गाडीचा वेगळा. माणसांसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. सप्टेंबर २०२२ पासून भारतीयांनाही दर माणशी दर रात्री ₹१,२०० शाश्वत विकास शुल्क आहे. सहा वर्षांखालच्या मुलांना माफ, सहा ते बारा वर्षांना निम्मं. गाडीचा परवाना तिथल्या वाहतूक खात्याकडून मिळतो आणि गाडीलाही दिवसाप्रमाणे पैसे पडतात. चौघांचं कुटुंब, सहा रात्री, वर गाडीचे पैसे, असा हिशेब आधी मांडा. गाडी जयगावात ठेवून तिथली टॅक्सी घेणं पुष्कळदा स्वस्त पडतं, हे मी गाडीवेडा असूनही सांगतो.

पायरी ४: कार्नेट

आता खरी परीक्षा. पूर्ण नाव 'कार्ने द पासाज आं दुआन', फ्रेंच. आपल्याकडे सगळे कार्नेट म्हणतात. गाडीचा पासपोर्ट, असं त्याचं वर्णन नेहमी ऐकू येतं. मला ते पटत नाही. पासपोर्ट तुम्ही कोण ते सांगतो, कार्नेट हे तारण आहे. गाडी परत गेली नाही तर त्या देशाचा कर आम्ही भरू, अशी हमी तुमची वाहन संघटना तिथल्या कस्टमला देते. १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारावर ही पद्धत उभी आहे.

इराण, पाकिस्तान, संयुक्त अरब अमिराती, इजिप्त, जपान, ऑस्ट्रेलिया अशा देशांत कार्नेटशिवाय गाडी शिरत नाही. युरोप, तुर्कस्तान, रशिया, मध्य आशिया यांना ते लागत नाही.

आपल्या भागात कार्नेट देते ती मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन. १९१९ सालची संस्था, कार्यालय चर्चगेटला. कोलकाता आणि चेन्नईलाही अशा जुन्या संघटना आहेत. आधी सभासद व्हावं लागतं. मग अर्ज, पासपोर्ट, आरसी, विमा, गाडीच्या किमतीचा पुरावा, कोणकोणते देश आणि कोणत्या क्रमानं याची यादी, आणि हमीपत्र.

अवघड भाग पुढे आहे: बँक गॅरंटी. रक्कम दोन गोष्टींवर ठरते, गाडीची किंमत आणि तुमच्या यादीतल्या देशांतला सगळ्यात जड आयात कर. काही देशांत कर इतका आहे की गॅरंटी गाडीच्या किमतीच्या वर जाते. दहा लाखांच्या गाडीसाठी बँक त्याहून मोठी मुदतठेव अडकवून ठेवायला सांगते आणि वर कमिशन घेते. म्हणून मोठ्या प्रवासाला लोक शोरूमची नवीकोरी एसयूव्ही नेतात तेव्हा मला नवल वाटतं. सात-आठ वर्षं जुनी, पण यंत्रानं ठणठणीत गाडी न्या. किंमत उतरलेली असते, गॅरंटीही उतरते. यादीतून एक जड कराचा देश वगळला तरी आकडा दाणकन खाली येतो. म्हणून गरज नसताना 'असू दे' म्हणून देश लिहू नका.

अर्जात गाडीचं वर्णन बारकाईनं मागतात: रंग, आसनं, वजन, सिलिंडर, जादा टायर, म्युझिक सिस्टिमसुद्धा. टपावर तंबू बसवायचा असेल तर अर्जाआधी बसवा. कागदावर नसलेली वस्तू गाडीवर दिसली तर प्रश्न, कागदावरची गाडीवर नसली तर मोठा प्रश्न, कारण मग ती तुम्ही विकली असा संशय.

कार्नेट हातात आल्यावर उघडून बघा. ५, १० किंवा २५ पानांचं असतं. प्रत्येक पानाचे आडवे तीन भाग. देशात शिरताना कस्टमवाला खालचा भाग फाडून घेतो, बाहेर पडताना मधला. वरचा भाग तुमच्याकडेच राहतो आणि त्यावर दोन शिक्के हवेत, एक आत येतानाचा, एक बाहेर पडतानाचा. त्याच देशात पुन्हा शिरलात तर नवं पान खर्ची पडतं. पानं मोजताना परतीचा रस्ताही मोजा.

तो दुसरा शिक्का राहिला तर कागदोपत्री तुमची गाडी त्या देशातच राहते आणि त्या देशाचं कस्टम गॅरंटीवर दावा लावू शकतं. रात्री दोन वाजता, झोपेत, पाऊस पडत असतानाही पान उघडून शिक्का, तारीख आणि सही डोळ्यांनी बघितल्याशिवाय गाडी चालू करू नका. शिक्का राहूनच गेला तर कार्नेटच्या शेवटी गाडी अमुक ठिकाणी असल्याचा दाखला भरायची सोय असते. पुढच्या देशाच्या कस्टमकडून किंवा आपल्या वकिलातीकडून तो लगेच भरून घ्या.

मुदत एक वर्ष. वाढवता येते, पण संपण्याआधी कळवावं लागतं, आणि ज्या देशात आहात त्यानं मान्यही करावं लागतं.

पायरी ५: विमा

आपली पॉलिसी भारताच्या हद्दीत लागू असते. नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका, मालदीव या सहा देशांपर्यंत ती वाढवता येते. विमा कंपनीला त्यासाठीचं 'आयएमटी-१' हे कलम जोडायला सांगा. जुन्या मोटार टॅरिफप्रमाणे संपूर्ण पॉलिसीला जास्तीत जास्त ₹५०० इतका किरकोळ हप्ता आहे, तरी नेपाळला जाणारे शंभरातले बहुतेक तो घेतच नाहीत. एजंटलाही माहीत नसतं, मेलवर लेखी मागा. या जोडीत समुद्र आणि हवाई प्रवासातलं नुकसान धरलेलं नाही, हे जहाजानं जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. त्याचा विमा वेगळा.

त्यापलीकडे प्रत्येक देशात तिथला विमा सीमेवरच विकत घ्यायचा. युरोपकडे 'ग्रीन कार्ड' नावाची एकत्र व्यवस्था आहे, तिच्यात एकाच कागदावर बरेच देश भागतात.

पायरी ६: जहाज

हे काम स्वतः करायला जाऊ नका, चांगला क्लिअरिंग एजंट गाठा. गाडी कंटेनरमध्ये जाते किंवा रो-रो जहाजात चालवत चढवतात. कंटेनर महाग वाटतो, पण सामान आत कुलूपबंद राहतं. टाकीत पेट्रोल नावापुरतं, बॅटरीची तार काढलेली. एजंटकडून शिपिंग बिलाची, म्हणजे गाडी बाहेर गेल्याच्या कस्टमच्या कागदाची, प्रत घेतल्याशिवाय उरण सोडू नका. वर्षानं गाडी परत येईल तेव्हा 'हीच ती गाडी, इथूनच गेली होती' हे त्याच कागदावर सिद्ध होतं, आणि नाही झालं तर आपलंच कस्टम आयात कर मागतं. मघाचा चॅसिसचा फोटो इथे कामी येतो. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या माल मिळाल्याच्या पावतीवर, नाव पासपोर्टातल्यासारखंच असावं, वडिलांचं नाव मध्ये असेल तर तेही.

पलीकडच्या बंदरात गाडी उतरल्यावर थोडेच दिवस फुकट ठेवतात, मग रोजचं भाडं चढतं. म्हणून तुम्ही विमानानं जहाजाच्या एक-दोन दिवस आधीच पोचा.

जिथे कार्नेट लागत नाही

रशिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान, बेलारूस आणि आर्मेनिया हे पाच देश कस्टमच्या दृष्टीनं एकच प्रदेश आहेत. शिरताना तात्पुरत्या आयातीचा एक कागद मिळतो, त्यावर मुदत लिहिलेली असते. आरसीचं रशियन भाषांतर नोटरी करून न्या, निम्मा वेळ वाचतो. थायलंडनं २०१६ पासून परदेशी गाड्यांना आधी परवाना घेण्याची अट घातली आहे, तो एजन्सीमार्फतच मिळतो.

परत आल्यावर

घरी पोचलात, गाडी धुतली, फोटो टाकले. कार्नेट अजून कपाटातच असेल तर काम बाकी आहे. ते संघटनेत परत द्यायचं. तिथे प्रत्येक पान तपासतात, प्रत्येक देशाचे दोन्ही शिक्के बघतात, आणि मगच गॅरंटी मोकळी करण्याचं पत्र बँकेला जातं. देण्याआधी सगळ्या पानांची रंगीत झेरॉक्स काढून ठेवा आणि कार्नेट मिळाल्याची पोच लेखी घ्या. पत्र गेल्यावर बँक आपणहून काही करत नाही. शाखेत जायचं, मूळ गॅरंटी रद्द झाल्याची नोंद मागायची आणि मुदतठेवीवरचा बोजा उतरल्याचं पावतीवर बघूनच बाहेर पडायचं.